बिलिंग काउंटरवर कुणाला पैसे कमी पडले तर तुम्ही काय करता?

अबोली (सोमवार, रात्री १०:१२)

आठवडा झाला, एक गोष्ट मनातून जात नाहीये. घरी सांगितलं तर "जाऊ दे गं, तू चांगल्या मनानेच केलंस" एवढंच ऐकायला मिळतं आणि त्याने माझं समाधान होत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहते. महिन्याचं सामान एका मोठ्या दुकानातून आणते, ट्रॉली घेऊन आत फिरायचं आणि निघताना काउंटरवर बिल करायचं, तसलं दुकान. शाळा सुरू व्हायच्या आधीचा शनिवार होता. सगळ्या काउंटरना रांगा, ओल्या छत्र्या, दप्तरासाठी हट्ट करणारी पोरं. माझ्या पुढे एक आजी होत्या. सत्तरीच्या असतील. साधी सुती साडी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. टोपलीत मोजून सहा वस्तू होत्या: एक लिटर तेलाची पिशवी, किलोभर तूरडाळ, किलोभर साखर, पाव किलो चहा, तीन वड्यांचा साबण आणि एक कंपासपेटी.

बिल झालं ६८७ रुपये. आजींनी सराफाकडे दागिन्याबरोबर मिळते ती चेनवाली छोटी लाल पर्स काढली. आत नोटा बोटभर घड्या घालून ठेवलेल्या. पाचशेची एक, पन्नासची एक, दहाच्या तीन. एकेक उलगडून, हाताने दाबून सरळ करून त्यांनी काउंटरवर ठेवली. मग पुन्हा पर्समध्ये पाहिलं आणि चेन लावली. ५८० होते.

"साबण काढ गं," आजी काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या.

मुलीने सुपरवायझरला हाक मारली. तो तीन काउंटर पलीकडे. तो येईपर्यंत रांग थांबली. मागून कुणीतरी "काय झालं पुढे?" म्हणून ओरडलं. साबण निघाला, ५८२ झाले. दोन रुपये कमी.

आणि मी तोंड उघडलं. "अहो आजी, काही काढू नका, मी देते ना वरचे पैसे! साबण पण घाल गं परत." दुकानात गाणी लागली होती, म्हणून जरा मोठ्यानेच बोलले. चार-पाच माणसांनी वळून बघितलं. शेजारच्या रांगेतली एक बाई आजींकडे बघून हसलीसुद्धा, चांगल्याच अर्थाने. आजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "नको, नको," म्हणाल्या, नोटा गोळा केल्या, पर्समध्येही न ठेवता मुठीत धरल्या आणि रिकाम्या हाताने निघून गेल्या. सहाच्या सहा वस्तू तिथेच राहिल्या.

मी माझ्या बिलात ती कंपासपेटी घातली आणि बाहेर धावले. दिसल्या नाहीत. पेटी कपाटात पडून आहे, १२० रुपयांचं लेबल तसंच आहे. मी गप्प राहिले असते तर त्या मुलीने दोन रुपये सोडले असते, किंवा आजींनी साखर काढली असती. निदान तेल आणि डाळ घरी गेली असती. नातवाची म्हणा, नातीची म्हणा, ही पेटी गेली असती.

असं काही तुमच्यासमोर झालंय का? तुम्ही काय केलंत? देणाऱ्यांनी, घेणाऱ्यांनी, दुकानात काम केलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. मला खरंच शिकायचंय.

---

सह्याद्री७२ (सोमवार, रात्री १०:४०)

वाचून गलबलून आलं. ताई, स्वतःला फार दोष देऊ नका. मागे उभे राहून घड्याळ बघणारे आम्ही पुष्कळ आहोत. तुम्ही निदान बोललात.

---

काउंटरपलीकडे (सोमवार, रात्री ११:२५)

मी सहा वर्षं बिलिंगला होते, आधी घाटकोपरला आणि नंतर ठाण्याला. असे प्रसंग रोज यायचे. महिन्याच्या २० तारखेनंतर तर दिवसातून तीन-चार वेळा.

आत काय चालतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. एकदा स्कॅन झालेली वस्तू आम्हाला आपल्या मनाने काढता येत नाही. सुपरवायझरचं कार्ड किंवा पासवर्ड लागतो. चोरी होऊ नये म्हणून ती व्यवस्था असते आणि ते बरोबरही आहे. पण त्यामुळे ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याच्यासाठी हाक मारावी लागते, आणि हाक मारली की सगळी रांग बघते. आमच्याकडे तर दिवा लागायचा. काउंटरच्या खांबावरचा नंबर लुकलुकायला लागला की आठ माणसं मान वाकडी करून पुढे बघायची.

दोन रुपयांचं म्हणाल तर ती मुलगी ते सोडू शकली असती असं सगळ्यांना वाटतं. मी सोडायचे, पण माझ्या खिशातून. रात्री गल्ला मोजताना जेवढे कमी भरतील तेवढे आम्हालाच भरावे लागायचे. त्यामुळे पर्समध्ये मी नेहमी वीस-तीस रुपयांची नाणी वेगळी ठेवायचे. ती मुलगी नवीन असेल तर तिच्यावर रागावू नका.

आता देणाऱ्यांबद्दल. ज्यांचं देणं आम्हाला आवडायचं, ते लोक ग्राहकाशी बोलायचेच नाहीत. माझ्याकडे बघायचे. एक काका होते, पुढच्या माणसाचं काहीतरी अडलं की हळूच डोळ्यांनी विचारायचे. मी मान हलवली की शंभराची नोट स्वतःच्या सामानाखाली सरकवायचे. मी त्या ग्राहकाला म्हणायचे, "मावशी, आज स्कीम लागलीये, तुमचे १०० कमी झाले." मावशी खूश, काका गप्प, रांग पुढे सरकली. कुणाला काही कळलं नाही.

अबोली, पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलीला विश्वासात घ्या. तिला सगळं दिसत असतं.

---

कोकणकडा (मंगळवार, सकाळी ७:५०)

काउंटरपलीकडे, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला आहे. खिशातून दोन रुपये भरणाऱ्या त्या मुलींचा आम्ही कधी विचारच करत नाही.

रेशनबद्दल एक मुद्दा. जानेवारी २०२३ पासून रेशनवरचा तांदूळ-गहू पात्र कुटुंबांना फुकट आहे, प्राधान्य गटाला माणशी महिना ५ किलो, अंत्योदयवाल्यांना घरटी ३५ किलो. म्हणून आपल्याला वाटतं की आता पोटाची तरी सोय झाली. पण आजींच्या टोपलीतल्या वस्तू बघा. तेल, डाळ, चहा, साबण, कंपासपेटी. यातलं काहीही त्या फुकट धान्यात येत नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा आनंदाचा शिधा दिला होता, पण तो सणापुरता. भात आहे आणि भातावर घालायला काही नाही, अशी घरं आमच्या भांडुपच्या डोंगरावर गल्लोगल्ली आहेत. काउंटरवर पैसे कमी पडतात ते अशाच वस्तूंना.

---

नाक्यावरचा (मंगळवार, सकाळी ९:१५)

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं कुलाब्याला जायचो. तिथे कडेवर मूल घेतलेली बाई येते. "पैसे नकोत, बाळाला दूध पावडर घेऊन द्या," म्हणते. आपल्याला वाटतं, पैसे मागत नाही म्हणजे खरीच गरज असणार. ती सांगते त्या दुकानात जायचं, ती दाखवते तो डबा घ्यायचा, चार-पाचशे रुपये द्यायचे. आपण कोपऱ्यावर वळलो की डबा परत दुकानात, आणि पैसे दोघांत वाटून. परदेशी पाहुण्यांना तर हे सर्रास होतं. मी एकदा फसलो. दुसऱ्या वेळी मुद्दाम थांबून बघितलं तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं, पैशांपेक्षा त्या बाळासाठी. ते कडेवर झोपलेलंच होतं.

तेव्हापासून माझा हात पुढे होत नाही. आणि होत नाही याचंही वाईट वाटतं.

---

अबोली (मंगळवार, सकाळी ९:४५)

नाक्यावरचा, तुमचा अनुभव खरा आहे, मीही ऐकलंय. पण त्या आजींनी माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं. त्या स्वतःचं सामान कमी करत होत्या. फसवणारा माणूस वस्तू वाढवतो. साबण परत ठेवणाऱ्याबद्दल कसला संशय घ्यायचा?

---

नाक्यावरचा (मंगळवार, सकाळी १०:०२)

हे पटलं. असा विचार केला नव्हता.

---

पट्टीतली गोळी (मंगळवार, दुपारी ३:३०)

परळला माझं मेडिकल आहे. एका बाजूला केईएम, दुसऱ्या बाजूला टाटा. दुकान वडिलांचं, मी बसायला लागून बावीस वर्षं झाली. किराण्याच्या दुकानात माणूस साबण काढतो, माझ्याकडे गोळ्या काढतो. त्यामुळे या विषयावर मला रात्रभर बोलता येईल.

माझ्या काउंटरवर "पैसे कमी आहेत" असं कुणी म्हणत नाही. चिठ्ठी पुढे करतात आणि विचारतात, "पाच दिवसांच्या आहेत, दोन दिवसांच्या चालतील का?" मग मला कळतं. मी पट्टी कापतो. पट्टी कापतानाही बघावं लागतं, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते तो भाग शेवटपर्यंत दुकानात ठेवावा लागतो. म्हणजे जो सहा गोळ्या घेऊन जातो त्याच्या हातात नुसते चंदेरी चौकोन जातात, नावही धड वाचता येत नाही. बीडचा, जळगावचा माणूस पेशंटबरोबर आलेला, फूटपाथवर किंवा धर्मशाळेत राहणारा, तो ते चौकोन शर्टाच्या खिशात घालतो.

अंगदुखीची, पित्ताची गोळी दोनच दिवस घेतली तर फार बिघडत नाही. पण पट्टीवर उभी लाल रेघ असलेलं अँटिबायोटिक मी अर्धं देतो तेव्हा माझा जीव खालीवर होतो. दोन दिवसांनी ताप उतरतो, माणसाला वाटतं बरं झालं, आणि उरलेले जंतू त्या औषधाला जुमानेनासे होतात. पुढच्या वेळी त्याला दुसरं, जास्त महागाचं औषध लागतं. म्हणून तुम्ही मेडिकलमध्ये रांगेत असाल आणि पुढचा माणूस गोळ्या कमी करत असेल तर फक्त मला विचारा, "पूर्ण कोर्स किती?" पुढचं मी सांभाळतो. काही नेहमीची गिऱ्हाइकं माझ्याकडे दोनशे-पाचशे ठेवून जातात. एका डब्यात ते पैसे आणि कुणाच्या चिठ्ठीला किती वापरले त्याची वही. ठेवणाऱ्याला हवी तेव्हा वही बघता येते. घेणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, फक्त औषध आणि रक्कम.

पण पैसे देण्याआधी काही गोष्टी सांगता आल्या तर सांगा, त्याचा उपयोग दोनशे रुपयांपेक्षा मोठा होतो. तेच औषध जनऔषधी केंद्रात पुष्कळ वेळा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. फक्त डॉक्टरांनी मूळ औषधाचं नाव लिहिलेलं हवं, नसेल तर विचारून घ्यायचं. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तिथल्या समाजसेवकाला भेटलं की गरीब रुग्णांसाठीच्या पुअर बॉक्स निधीतून मदत होऊ शकते. बाहेरगावच्या माणसाला ती खोलीच सापडत नाही, त्याला दारापर्यंत नेऊन सोडा. आणि धर्मादाय, म्हणजे ट्रस्टचं, रुग्णालय असेल तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खालच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. हे मागायचं असतं. मागायचं असतं हेच माहीत नसतं.

राहण्याचं विचारलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा सांगा.

---

गिरणगावकर (मंगळवार, रात्री ९:२०)

माझं वय आता ५९. लालबागला चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर होते आणि आम्हाला वाटायचं दिवाळीपर्यंत मिटेल.

आमच्या चाळीखाली एक वाणी होता, कच्छी. शेठ म्हणायचो. त्याच्याकडे प्रत्येक घराची वही. आई मला वही आणि पिशवी देऊन पाठवायची. मी वही फळीवर ठेवायचो, तो वाचायचा, सामान बांधायचा, वहीत आकडा लिहायचा, वही परत पिशवीत. या सगळ्यात पैशाचं नाव निघायचं नाही. माझ्या शेजारी दुसऱ्या कुणाच्या घरचं पोर तसंच वही घेऊन उभं असायचं. त्याच्या वहीत ४० रुपये आहेत की ४०० हे मला कळायचं नाही आणि माझं त्याला कळायचं नाही.

संपात सहा महिने झाले तेव्हा शेठने सामान कमी करायला सुरुवात केली. पण कसं, तर आईने दोन किलो साखर लिहिली की तो एक किलो बांधायचा आणि वहीत एकच लिहायचा. मला काही बोलायचा नाही. आई घरी वही उघडून बघायची आणि समजायची. पुढच्या वेळी ती स्वतःच एक लिहायची. या दोघांचं वर्षभर असं वहीतून बोलणं चाललं होतं. दोघंही कधी समोरासमोर त्याबद्दल बोलले नाहीत.

वडिलांना गिरणीत परत घेतलं नाही. नंतर ते एका सोसायटीत वॉचमन झाले. शेठचे पैसे महिना वीस-वीस करून फेडले. शेवटचे वीस रुपये द्यायला मीच गेलो होतो, तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. त्याने वहीवर काट मारली आणि मला चहा पाजला.

अबोलीताई, तुमची गोष्ट वाचताना मला त्या काउंटरवरच्या हिरव्या आकड्यांची आठवण होत होती. ६८७ हा आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावलेला असतो. मागच्या चार जणांनाही तो वाचता येतो. तो लावलाय आपली फसवणूक होऊ नये म्हणून, हे मला माहीत आहे. पण वही मिटता यायची, हा आकडा मिटता येत नाही. आजींना तुम्ही दुखावलंत असं मला वाटत नाही. त्या तोपर्यंत तीनदा दुखावल्या गेल्या होत्या. आकडा दिसला तेव्हा, सुपरवायझरला हाक गेली तेव्हा आणि मागून तो माणूस ओरडला तेव्हा. तुमचा आवाज चौथा होता.

---

कोकणकडा (मंगळवार, रात्री ९:५५)

गिरणगावकर, यावर वेगळा धागा काढा. आमच्या आजोबांचीही अशी वही अजून ट्रंकेत आहे.

---

तिसरा मजला (बुधवार, रात्री १२:४०)

नेहमी फक्त वाचते. आज लिहिते, कारण घेणाऱ्यांनीही लिहा असं तुम्ही म्हणालात.

२०२० मध्ये नवऱ्याची नोकरी गेली. माझं पाळणाघराचं काम तर मार्चपासूनच बंद होतं. मुलगा दीड वर्षाचा. जुलैमध्ये एकदा दुकानात दूध, बिस्किटं, डायपर आणि कांदे-बटाटे घेतले. तेव्हा दुकानाबाहेर खडूचे गोल आखलेले असायचे आणि एका वेळी पाच जणांना आत सोडायचे. आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं की कार्डावर आहेत असं मला वाटत होतं तेवढे पैसे नाहीत. हप्ता कापला गेला होता. मशीनने दोनदा नाही म्हटलं.

माझ्या मागे एक गृहस्थ होते. मास्क, टोपी, चेहरा काही दिसला नाही. ते काउंटरवाल्याला म्हणाले, "यांचं आणि माझं एकत्र करा, मला पाचशेचे सुट्टे नकोयत." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुम्ही मला नंतर द्या." असं म्हणाले जणू आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. मी "नको" म्हटलं. ते थांबले. खरंच थांबले, हात मागे घेतला आणि विचारलं, "नक्की?" मी मुलाकडे बघितलं आणि "बरं" म्हटलं. मला वाटतं ते तेव्हा थांबले नसते तर मी घेतलं नसतं. नाही म्हणायची जागा मिळाली म्हणून हो म्हणता आलं.

पण एक सल राहिला. "नंतर द्या" म्हणाले, आणि नंबर न देता निघून गेले. त्यांना वाटलं असेल, कशाला त्या बाईला ओझं. पण मला ते ४१० रुपये द्यायचे होते. तीन महिन्यांनी माझ्याकडे आले होते. मी दोन-तीनदा त्या वेळेला त्या दुकानात जाऊन उभी राहिले. मास्कमधल्या माणसाला कसं ओळखणार? फेडायची वाट मोकळी ठेवा हो. कुणी फेडेल, कुणी नाही फेडणार, पण वाट ठेवा.

काउंटरपलीकडे ताई, तुमच्याबद्दल मनात आदर आहे, तरी "स्कीम लागली" हे सांगू नका असं मला वाटतं. माझ्या आईला एका दुकानात असंच सांगितलं होतं. आईने घरी येऊन किती कौतुकाने सांगितलं. पुढच्या महिन्यात ती त्या स्कीमच्या भरवशावर शंभर रुपये कमी घेऊन गेली. काउंटरवर दुसरा मुलगा होता. "कुठली स्कीम? अशी काही स्कीम नाहीये." आईने त्याच्याशी वाद घातला, कारण तिच्या लेखी ती खरी होती. मग मॅनेजर आला, त्याने समजावलं. आईला तेव्हा उमगलं की मागच्या वेळी काय झालं होतं. त्यानंतर ती त्या दुकानात गेली नाही.

---

काउंटरपलीकडे (बुधवार, सकाळी ६:३०)

तिसरा मजला, हे वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. मी किती जणांना स्कीम सांगितली असेल. पुढच्या महिन्याचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही, कारण माझी ड्यूटी संपली की माणूस संपायचा. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

माहीमकर (बुधवार, दुपारी १:१०)

आमच्याकडे दर्ग्याच्या बाजूच्या रस्त्यावर हॉटेलांसमोर माणसं रांगेने उकिडवी बसलेली दिसतात. बाहेरगावच्या लोकांना कळत नाही काय चाललंय. कुणीतरी येतो, गल्ल्यावर पैसे देतो आणि सांगतो, "दहा जणांना जेवू घाला." मालक पुढच्या दहा जणांना खूण करतो. देणारा बहुतेक वेळा थांबतही नाही. मी लहानपणापासून बघतोय, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. इटलीत नेपल्सला एक कॉफी पिऊन दोनचे पैसे द्यायची जुनी पद्धत आहे, दुसरी कॉफी नंतर येणाऱ्या कुणा गरजूची. त्याच जातीची गोष्ट.

देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं तोंड एकमेकांना दिसत नाही हे यातलं चांगलं. पण घेणाऱ्याला रस्त्यावर तासन्‌तास बसून राहावं लागतं, सगळं माहीम बघत असतं. अबोलीताईंच्या आजी त्या रांगेत कधीच बसणार नाहीत. ज्यांना तिथे बसणं परवडत नाही अशा माणसांचं काय करायचं, हा तुमच्या धाग्याचा प्रश्न आहे असं मला वाटतं.

---

सह्याद्री७२ (बुधवार, दुपारी २:००)

एक कळकळीची विनंती. कुणी मदत करत असेल तर मोबाइल काढून शूटिंग करू नका, आणि दुसरा कुणी करत असेल तर त्याला थांबवा. मी पाहिलंय, किराणा घेऊन दिला आणि म्हाताऱ्या बाबांना पिशवी धरून कॅमेऱ्याकडे बघायला लावलं. बाबा बघत होते जमिनीकडे.

---

अबोली (पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री ११:०५)

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. काही सांगायचंय म्हणून धागा वर काढते.

परवा त्याच दुकानात माझ्या पुढे एक मुलगा होता, घरपोच डिलिव्हरी करणाऱ्यांचा टी-शर्ट घातलेला, भिजलेला. दूध, पाव, अंडी आणि मच्छरची अगरबत्ती. ९४ रुपये. त्याने स्कॅन केलं, पैसे कापले गेले, पण काउंटरला आले नाहीत. स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मुलगी म्हणाली, "परत करा." तो म्हणाला, "परत करायला तेवढे नाहीयेत." हे तो इतक्या हळू म्हणाला की मला त्याच्या मानेवरूनच कळलं.

या वेळी मी आवाज चढवला नाही. काउंटरवरच्या मुलीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझी शंभराची नोट पुढे केली आणि त्याला म्हटलं, "दादा, तुझे अडकलेत ते येतील परत. तोवर माझे घे, मला नंतर पाठव. चालेल?" आणि थांबले. तिसरा मजला, तुमचं आठवून मुद्दाम थांबले. तो "नको मॅडम" म्हणाला. मी नोट तशीच धरली, पुढे सरकवली नाही. मग तोच म्हणाला, "नंबर द्या."

रात्री पावणेबाराला ९४ रुपये आले. माझं बोट क्षणभर परत पाठवायला गेलं होतं. "राहू दे रे बाळा" असं लिहायलाही घेतलं होतं. ते पुसलं आणि "मिळाले, धन्यवाद" एवढंच लिहिलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

---

पट्टीतली गोळी (रविवार, रात्री ११:३०)

बरं झालं परत नाही पाठवलेत. दुकानात पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, ते गेले म्हणून सोडून देतात. त्याचा नंबर आहे तुमच्याकडे, तेवढं कळवा त्याला.

---

अबोली (रविवार, रात्री ११:४२)

आत्ताच कळवते.

---

गिरणगावकर (सोमवार, सकाळी ८:०५)

ताई, कंपासपेटीचं काय केलंत?

---

अबोली (सोमवार, रात्री ९:५०)

काउंटरवरच्या त्या मुलीकडे ठेवून आले आहे. तिला आजी आठवत होत्या. मधल्या काळात एकदा दुपारी येऊन फक्त तेल घेऊन गेल्या म्हणाली. पेटीच्या आत बिल घालून ठेवलंय, नाहीतर दारावरचा सिक्युरिटीवाला आजींना अडवायचा.

आधी ठरवलं होतं की "मागच्या वेळी तुमची राहिली होती" असं सांगायचं. पण ते खरं नाही, आणि स्कीमची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. म्हणून मुलीला सांगितलंय की गर्दी नसेल तेव्हाच विषय काढायचा आणि जे आहे ते सांगायचं, "त्या दिवशी मागे उभी होती त्या बाईने ठेवलीये. नको असेल तर ती परत घेऊन जाईल. पैसे द्यायचे असतील तर माझ्याकडे द्या, तिला पोचवते." मुलीने गल्ल्याखालच्या खणात ठेवली.

आज संध्याकाळी विचारून आले. आजी अजून आलेल्या नाहीत.